छातीवरची मूठ

दवाखान्यातली गोष्ट सांगतो म्हणलं की तुमचं डोकं कुठं पळतं ते मला ठाऊक हाय. लांबलचक व्हरांडा, फडफडणारी ट्यूबलाइट, पांढऱ्या साडीतली एक बाई, आन् सकाळी कळतं की त्या खोलीत कुणी राहतच न्हाई. तसलं काही न्हाई बघा. आमच्या दवाखान्यात ट्यूबलाइटी सगळ्या नव्या होत्या. बाई होती, पण तिची साडी निळी होती आन् ती फरशी पुसत होती. टाइम भर दुपारचा. बाहेर लातूरचं ऊन असं की भुतानं बी रसवंतीत जाऊन बसावं. मेलं कुणी न्हाई, मरणार बी न्हाई. एका पोट्ट्याचं करंगळीच्या मुळाचं हाड मोडलं होतं, बस एवढंच. तो पोट्टा मी.

तरी बी ही गोष्ट सांगताना माझा उजवा हात कुठं हाय ते मी एकदा खाली वाकून बघून घेतो. आत्ता बी बघितलं. हाय जागेवर.

मी मुदखेडचा. आवाज काढतो. म्हणजे लोकांचे. शाळेत हेडसरांच्या खोकल्यापासून सुरुवात केली. वर्गाच्या दाराआड उभं राहून खोकलो की आतली चाळीस पोट्टी चिडीचूप व्हायची, आन् एकदा तर गणिताच्या मास्तरांनी बी खडू टाकून वही उघडली होती. आता हळदीला, गॅदरिंगला, कुणाच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला बोलावतात. नांदेडला बी जातो.

पण तोंडाचे आवाज कुणी बी काढतं. माझी खरी चीज हातातली. दोन्ही तळवे जोडायचे, आत पोकळी ठेवायची, अंगठ्यांच्या फटीतून फुंकर मारायची. वरची बोटं उघडमीट केली की आवाज चढतो, उतरतो. पारवा निघतो, घुबड निघतं, आन् लांबून येणारी मालगाडी निघते. जंक्शनच्या गावचा हाय ना, गाडी माझ्या हातात लहानपणापासून बसलेली. फक्त एक अट हाय. पोकळीला कुठं बी फट नको. करंगळीकडनं जरा वारा गळाला की गाडी न्हाई, पारवा न्हाई, नुसतं फुस्स.

अन् मोडलं तेच. नांदेडजवळच्या एका हळदीत दोन टेबलं जोडून स्टेज केलं होतं. मी मालगाडी मागं घेत होतो, शंटिंग, पाठमोरा. टेबल संपलं ते मला कळलं न्हाई. उजवी मूठ खाली आन् मी वर. कट्ट असा आवाज आला. आयुष्यात मी लई आवाज काढले, पण हा पहिला आवाज जो माझ्या अंगातनं मला न विचारता निघाला. लोकांना वाटलं गाडी रुळावरनं उतरली. टाळ्या वाजवल्या.

आमच्याकडं हाड मोडलं की एक्सरेचा फोटो नंतर, आधी चाचा. चाचांच्या घरात हाडं बसवणं बापजाद्यापासून. माझ्या बाबांचं मनगट चाचांच्या वडलांनी बसवलेलं, आन् आजोबांचा खांदा त्यांच्या बी वडलांनी. म्हणजे आमच्या घराण्याची हाडं त्यांच्या घराण्याकडं सर्व्हिसिंगला असतात म्हणा ना. हाताच्या मागच्या बाजूला सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. चाचांनी करंगळी धरली.

"हिलना नक्को. दर्द हुआ तो बी बोलना नक्को."

"बोलना नक्को तो मैं मर जाऊंगा चाचा," मी त्यांच्याच आवाजात म्हणलं.

चाचा हसले आन् हसता हसताच ओढलं. टेंगूळ दाबलं तसं आत गेलं. बोट सोडलं तसं परत वर आलं. परत दाबलं, परत आत. मी बघत होतो. पाण्यात बुडवलेला बॉल कसा हात काढला की वर येतो, तसं. चाचांनी ते तिसऱ्यांदा दाबून धरलं आन् तसंच दाबलेलं ठेवून वर अंड्याचा लेप, बांबूच्या कामट्या, कापडाच्या पट्ट्या. "बैठ गया," म्हणले. बाबा म्हणले, "बसलं." आता दोन घराणी एका सुरात बसलं म्हणायलीत तर मी कोण उभा राहणारा.

पट्टी सुटली तेव्हा सूज गेली होती. टेंगूळ होतं. मूठ मिटली तर करंगळी आपल्या जागेवर जायच्या ऐवजी शेजारच्या बोटावर चढून बसायची. माय रोज तेल लावून चोळायची, "हाड बसलंय, शिरा आखडल्यात" म्हणायची. मी रोज गच्चीवर जाऊन दोन्ही तळवे जोडायचो आन् फुंकायचो.

फुस्स.

चाकूरचा मामा आला सुट्टीत. मास्तर माणूस. त्यानं माझी मूठ बघितली.

"ही मूठ हाय व्हय? एका बाकावर दोघं बसलेत आन् तिसरा त्यांच्या मांडीवर."

"मामा, आपोआप उतरंल की."

"आपोआप तुझं वजन बी उतरना. चल लातूरला. तिथं हाताचा डॉक्टर हाय."

"नुसता हाताचा? मंग पायाचा वेगळा?"

"तोंडाचा बी वेगळा हाय. पण तुझ्यासाठीचा अजून जन्माला यायचाय. चल."

लातूरचे सर साठीच्या आसपासचे. बारीक अंगाचे, बोटं मात्र लांबसडक. मी कुणाला बी भेटलो की आधी त्याचा आवाज उचलतो, सवयच हाय. सरांचा आवाज म्हणजे एकदम खालच्या पट्टीतला. प्रत्येक वाक्याच्या आधी ते नाक ओढायचे, हलकंच, सर्दी नसताना, आन् मंग वाक्य मधेच तोडायचे. "(सुर्र) हे हाड... सरकलेलं आहे." "(सुर्र) दुखेल... पण कामाचं दुखणं आहे." केबिनमध्ये बसल्या बसल्या माझ्या नाकात ते सुर्र येऊन बसलं होतं. मामानं खाली पायावर पाय दिला म्हणून बाहेर न्हाई आलं.

त्यांनी फोटो दिव्यावर लावून दाखवलं. करंगळीचं तळहातातलं हाड बुडाशी मोडलंय आन् मनगटाजवळच्या सांध्यातनं निसटून वर चढलंय. ताजं असतं तर ओढून, बाहेरूनच बारीक तारा घालून धरता आलं असतं. आता मधे नवं हाड भरायला लागलंय. उघडावं लागेल, खरवडून जागा करावी लागेल, मंग बसवायचं आन् तारांनी टाचून ठेवायचं.

"सर, मूठ पहिल्यासारखी मिटंल का?"

"जेवता येईल. सही करता येईल. गाडी..."

"मला जेवायचं न्हाई सर. फुंकायचंय."

मामानं कपाळाला हात लावला. मी तळवे जोडून दाखवलं. फुस्स. सर खुर्चीतनं उठले, वाकले, आन् माझ्या हाताला कान लावला. "परत." फुस्स. त्यांनी एका बोटानं जागा दाखवली, करंगळीच्या बुडाशी. "(सुर्र) इथून गळतंय." मंग बसले. "प्रयत्न करू. हे जितकं नीट बसेल... तितकं तुझं ते भोक बुजेल. एक वेळ उघडून बसवता येतं. पुन्हा पुन्हा नाही."

म्हणजे सगळं एका दुपारवर होतं. बसलं तर मालगाडी, न्हाई तर जन्मभर फुस्स.

ऑपरेशनच्या टेबलावर मला झोपवणार न्हाईत हे कळल्यावर मी खूश झालो. नुसता हात बधिर करणार. भुलीच्या मॅडमनी गळपट्टीच्या हाडावर, बारीक स्क्रीनवर बघत बघत सुई घातली. तवर मी उजवी मूठ छातीवर धरून पडलो होतो, इतके दिवस ती तशीच सांभाळून हिंडायची सवय झाली होती. मूठ आधी गरम झाली. मंग जड झाली, भरलेल्या घागरीगत. मंग जडपणा बी गेला. फक्त एवढं कळत होतं की मूठ छातीवर हाय, मिटलेली, नखं तळव्यात रुतल्यागत.

तेवढ्यात माझ्या तोंडासमोरनं कुणीतरी एक हात नेला.

सावळा, लुळा, बोटं खाली लोंबलेली. मागच्या बाजूला निळ्या पेननं बाण काढलेला. थेटरातल्या दादानं तो मनगटाला धरला होता, बाजारातनं शेपूची जुडी न्यावी तसा.

"ओ दादा, हा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? तुझाच की."

"माझा इथं हाय. छातीवर."

दादा मॅडमकडं बघून हसला. त्यानं तो हात बाजूच्या फळीवर ठेवला, त्याला तपकिरी औषध फासलं, वर हिरवी कापडं घातली. माझ्या आन् फळीच्या मधे पडदा ओढला. मला काही लागलं न्हाई, कळलं न्हाई. माझी मूठ छातीवरच होती की. मी डावा हात उचलला, त्याला सलाइन होतं तरी, आन् छाती चाचपली.

डावा हात मुठीतनं आरपार गेला.

छातीला लागला. मधे काही न्हाई. आन् डावा हात आरपार गेला तरी उजवी मूठ तिथंच. नखं तळव्यात रुतलेली. मी परत केलं. परत आरपार.

"हात हलवू नको," मॅडम म्हणल्या. मी सांगितलं काय झालं ते. त्यांना नवल वाटलं न्हाई. "बऱ्याच जणांना होतं असं. मेंदूला हाताची शेवटची बातमी जिथून आली, तिथंच हात आहे असं वाटत राहतं."

"मंग त्याला फोन लावून सांगा की, हात शिफ्ट झालाय म्हणून."

मॅडम हसल्या, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवला आन् सलाइनमध्ये थोडं गुंगीचं सोडलं. कारण कळलं. पण कारण कळल्यानं मूठ गेली न्हाई.

पडद्यापलीकडं काम सुरू झालं. मला दिसत काही न्हाई, ऐकू सगळं. चिमटा ट्रेमध्ये पडल्याचा आवाज. खरवडल्याचा आवाज, खोबरं खवावं तसला. मंग ड्रिल, बारीक, दातवाल्याकडं असतं त्याच्यापेक्षा जरा घोगरं. आन् दर थोड्या वेळानं सरांचा आवाज: "(सुर्र) शूट." असं म्हणलं की पलीकडं उभा असलेला एक्सरेवाला दादा बटण दाबायचा, मशीन टुंग करायचं, आन् कोपऱ्यातल्या स्क्रीनवर फोटो यायचा. स्क्रीन मला मान वळवली की दिसायचा. हाडांचा हात, आन् त्याच्यात पांढरी शुभ्र तार पुढं पुढं सरकलेली. तो हात सरळ होता, बोटं पसरलेली. माझी मूठ मिटलेली. मी स्क्रीनकडं बघायचो आन् मुठीकडं ध्यान द्यायचो, आन् दोन्ही खरं वाटायचं.

सुर्र. शूट. टुंग. मंग ड्रिल. मंग सुर्र, शूट, टुंग. याला एक ताल होता. मुदखेडला फाटकाजवळ बसलं की डब्यांचा ताल कसा अंगात शिरतो, तसा तो शिरायला लागला.

मंग छातीवरची मूठ उघडायला लागली.

मी उघडली न्हाई. आधी करंगळी सुटली, मंग बाकीची. हात छातीवरनं उठला. वजन नसलेला, पण माझा. वर वर आला, तोंडाजवळ. पोकळ झाला, फुंकायच्या आधी करतो तसा. मी डोळे फाडून बघितलं. हवेत काही न्हाई. वर मोठा गोल दिवा, दुसरं काही न्हाई. पण हात तोंडाशी होता, तळव्याची ऊब ओठाला लागत होती.

आन् तिथनं, त्या हातातनं, माझ्या कानाजवळ, आवाज आला.

"(सुर्र) शूट."

टुंग.

स्क्रीनवर फोटो आला. त्याच्यात दोन हात होते. एक माझा, तारांनी टाचलेला. आन् त्याच्यावर दुसरा, मोठा, लांबसडक हाडांचा, माझ्या हाडांना धरून बसलेला. सांगाड्यानं सांगाड्याचा हात हातात घ्यावा तसा.

ड्रिल थांबलं.

"कोणी सांगितलं शूट?" सरांनी विचारलं.

"सर, तुम्हीच म्हणलात की," एक्सरेवाला दादा.

"मी नाही म्हणालो. माझा हात आत होता."

"सर... मी बी ऐकलं," सिस्टर म्हणल्या. "तुमचाच आवाज होता."

 एसीचा आवाज तेवढा. मी वाट बघत होतो की कुणीतरी हसंल. न्हाई हसलं कुणी. मंग सर म्हणले, हळू, नाक न ओढता, "सरकलं. मी दचकलो, आणि हातातनं सरकलं. ही तार काढा. परत बसवावं लागेल."

एक वेळ बसवता येतं, पुन्हा पुन्हा न्हाई. ते वाक्य माझ्या डोक्यात फिरायला लागलं. मी म्हणणार होतो, सर, कदाचित मीच. पण जीभ गुंगीनं चामड्यागत झालेली. आन् खरं सांगू? मला ठाऊकच नव्हतं. शूट मनात आलं होतं का, तर आलं असंल. ओठ हलले होते का? तोंडावर मास्क होता. आवाज तर बाहेरनं आला होता, जिथं हात नव्हता तिथनं.

त्याच्यापुढं सर एक शब्द बोलले न्हाईत. फोटो पायजे असला की मान हलवायचे, दादा पडद्याच्या कडेनं वाकून खात्री करायचा आन् मंग बटण दाबायचा. टुंग. टुंग. आता ताल नव्हता.

वॉर्डात आणलं तेव्हा ऊन खिडकीतनं पलंगावर आलं होतं. प्लास्टरमधला हात सलाइनच्या दांड्याला टांगलेला, बाहेर बोटांची टोकं. ती माझी वाटत नव्हती. मूठ परत छातीवर येऊन बसली होती. माय माझ्याजवळ बसली आन् तिनं माझ्या छातीवर हात ठेवला.

"माय, हात काढ. मुठीवर ठेवलायस."

माय हात भाजल्यागत मागं झाली. "कुठली मूठ रं?"

"ही काय."

"तिथं काही न्हाई, बाळा." ती जरा वेळ माझ्या छातीकडं बघत राहिली. मंग पिशवीतनं माहूरचा अंगारा काढून माझ्या कपाळाला लावला, आन् उरलेला, मी सांगितलं न्हाई तरी, छातीवर बरोबर तिथं लावला.

दिवस कलला तसं बोटांना मुंग्या आल्या. छातीवरची मूठ पातळ व्हायला लागली, आन् मंग सरकत सरकत वर गेली, प्लास्टरमध्ये, कुणी हातमोजा घालावा तशी. बसली. आन् त्या क्षणाला जे दुखायला लागलं, काय सांगू. पण मला बरं वाटलं. दुखतंय म्हणजे आपलं हाय.

निळ्या साडीची मावशी फरशी पुसता पुसता मायला सांगून राहिली होती. "आत थेटरात कुणीतरी बोलतंय म्हणं. सरांच्या आवाजात. सिस्टरनं ऐकलंय. मी तर तिथं एकटी पुसायला जाईना आता."

"काय म्हणालंय?"

"फोटो काढ म्हणालंय."

"भुताला फोटो कामून पायजे?"

"ते मला काय ठाऊक बाई."

दुसऱ्या दिवशी थेटराच्या दाराला लिंबू-मिरची दिसली. सिस्टरनं काढून टाकली. दुपारी परत दिसली. शेजारच्या पलंगावरचा बाप्या, त्या दिवशी ऑपरेशनला त्याचा नंबर होता, तो म्हणला आज अमावस्या असंल, उद्या बघू. मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. मामा म्हणला, "हा एवढा गप कामून हाय? भूल उतरली न्हाई का अजून?"

तारा निघेपर्यंत मी चाकूरला मामाकडंच राहिलो. घरात कुणी नसताना आरशासमोर उभा राहिलो आन् सरांचा आवाज काढून बघितला. वाटलं, निघाला तर कळंल की मीच होतो. चला, एक गुन्हा तर गुन्हा, भूत तर न्हाई.

निघाला न्हाई.

नाक ओढलं तर नुसतं नाक ओढल्यागत वाटलं. "शूट" म्हणलं तर माझाच आवाज. हेडसरांचा निघत होता, मामाचा निघत होता, चाकूरच्या स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्याचा निघत होता. सरांचा न्हाई. कुणीतरी त्या खणाला कुलूप लावून किल्ली नेल्यागत. मंग थेटरात बोललं कोण? मी आरशाकडं पाठ केली आन् अंगणात जाऊन बसलो. त्या घरात परत आरशासमोर एकटा उभा राहिलो न्हाई.

तारा काढायचा दिवस आला. बाकावर आम्ही सात-आठ जण, सगळे हात बांधलेले. माझ्या शेजारी एक आजोबा, मळणीयंत्रात बोटं गेलेले. मला भीती वाटत होती. तारांची न्हाई. तारा निघाल्यावर मूठ मिटायला सांगतील, त्याची. दुसऱ्यांदा बसवलेलं हाड बसलंय का न्हाई ते तेव्हाच कळणार होतं.

"पोरा, तारा काढताना लई दुखतं का रं?" आजोबांनी विचारलं.

मी म्हणणार होतो, मला काय ठाऊक आजोबा, माझा बी पहिलाच टाइम हाय. तोंड उघडलं आन्

"(सुर्र) दुखेल... पण कामाचं दुखणं आहे."

आख्खा बाक केबिनच्या दाराकडं वळला. आजोबा तर बांधलेला हात जोडून उभेच राहिले. दार बंद होतं. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, कारण ते सुर्र मी ओढलं नव्हतं. आपोआप आलं, उचकीगत.

समोर एक्सरेवाला दादा उभा होता, हातात फोटोचा लिफाफा. त्यानं बंद दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"परत बोल."

"काय?" मी माझ्या आवाजात म्हणलं.

तो लिफाफा घेऊन आत गेला. पुढच्या मिनिटाला माझं नाव पुकारलं.

सरांनी वर बघितलं न्हाई. पट्टी कापली, पक्कड घेतली आन् तार ओढली. दुखलं न्हाई. आतनं लांब दोरा निघाल्यागत वाटलं, कुठं संपतोय कळेना असा. दुसरी तार. तिसरी. कापसाचा बोळा. 

"मूठ मीट."

मी मिटली. ताठ झाली होती बोटं, अर्ध्यावर अडली. पण करंगळी... करंगळी आपल्या वाटेनं खाली गेली. शेजाऱ्यावर चढली न्हाई. आपल्या जागेकडं बघत थांबली.

"फुंक."

डावा तळवा उजव्याला जोडला, जमंल तसा. फुंकलं. फुस्स. सर उठले, वाकले आन् माझ्या हाताला कान लावला, पहिल्या दिवशी लावला होता तसाच, करंगळीच्या बुडाशी.

"परत."

फुस्स. पण त्या फुस्समध्ये बारीक काहीतरी होतं. लई लांबनं, मुदखेडच्या बी पलीकडनं, गाडी निघाल्यासारखं.

"इथून गळत नाही आता," सर म्हणले. "वरच्या बोटांतून गळतंय, ती ताठ आहेत म्हणून. व्यायामानं जाईल ते. रडत रडत करायचा, पण करायचा." मंग ते खुर्चीत बसले आन् पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"तू होतास."

"सर, खरंच मला ठाऊक न्हाई."

"मला ठाऊक आहे. मला वाटलं मी बोललो. कळतंय का तुला? त्या दिवसापासून टेबलावर उभा राहिलो की मी तोंड गच्च मिटून घेतो. घरी बायकोला विचारलं, मी बसल्या बसल्या बोलतो का, मला न कळता? मेंदूचा फोटो काढून आलो मी गाढवा, त्या नळीत जाऊन झोपलो. आता ड्रिल खाली ठेवायची वेळ आली का, या विचारात किती दिवस गेले माझे. आणि तुझं हाड सरकलं होतं त्या वेळी. दुसऱ्यांदा बसलं नसतं तर तू जन्मभर फुस्स करत बसला असतास आणि मी समजत राहिलो असतो की माझ्यामुळं. पारवा काढ, घुबड काढ, काय काढायचं ते काढ. पण टेबलावर पडलेल्या माणसानं उभ्या माणसाचा आवाज घ्यायचा नाही. कळलं? ऊठ. आणि त्या मावशीला जाऊन सांग, लिंबं आणू नको म्हणून. डागांनी दार खराब झालंय माझं."

एवढं सगळं बोलले. आन् आख्ख्या बोलण्यात त्यांनी एकदा बी नाक ओढलं न्हाई, एक बी वाक्य मधे तोडलं न्हाई. मी ऐकता ऐकता तेच मोजत होतो.

मावशीला सांगितलं. तिला पटलं न्हाई. "तू म्हणतोस तर असंल," म्हणली, आन् माझ्यापासनं जरा लांबनं पुसायला लागली.

स्टँडवर चाकूरच्या गाडीची वाट बघत बसलो तर मामा माझ्याकडं सारखा बघायला लागला.

"नाक कामून ओढायलास?"

"मी? कुठं?"

"कुठं म्हणजे? प्रत्येक बोलण्याच्या आधी सुर्र सुर्र. सर्दी झाली का?"

"(सुर्र) न्हाई मामा."

"हे बघ, परत. त्या बिचाऱ्या माणसानं तुझा हात जोडून दिला, तुझ्यापायी मेंदूचे फोटो काढत हिंडला, आन् तू बाहेर येऊन त्याचीच नक्कल करायलास? लाज बाळग जरा. देऊन टाक त्याचं त्याला, आन् हे घे रुमाल. परत नाक वाजलं तर गाडीच्या टपावर बसवून नेईन."